भुशाची वगार

१

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी आमच्याकडे एक काम ठरलेलं असतं. सासूबाई ओसरीच्या कोपऱ्यातून भुशाची वगार काखेत मारतात, गोठ्यात नेऊन चांदीच्या पुढ्यात ठेवतात आणि बादली घेऊन धारेला बसतात. चांदी ही आमची म्हैस. कपाळावर पांढरा टिळा म्हणून चांदी, बाकी सगळी डांबरासारखी काळी. ती वगारीला हुंगते, चाटायला लागते, आणि चाटता चाटता तिच्या कासेत पान्हा उतरतो.

ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांच्यासाठी सांगते. म्हशीचं पिल्लू मेलं की ती पान्हा चोरते, दूध देत नाही. मग मेलेल्या वगारीचं कातडं काढायचं, मीठ लावून वाळवायचं, आत भुसा भरून शिवून टाकायचं. जुनी माणसं याला भोत म्हणतात. डोळ्यांच्या जागी भोकं राहिली तरी चालतं, पाय नसले तरी चालतं. अंगाला तिचा वास राहिला म्हणजे झालं.

मी हे लहानपणापासून पाहत आले आहे. माझं माहेर चकलांब्याचं, तिथंही दावणीला म्हशी. लग्न होऊन नेकनूरजवळच्या या वस्तीवर आले आणि घराच्या पुढच्या खोलीत दुधाची डेअरी चालवायला लागले. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात, मी दुधाची फॅट मोजते. माझं शिक्षण बारावी सायन्स. भुताखेतांच्या गोष्टी मला ऐकायला आवडतात, पण झोप उडवण्याइतकी त्यांची किंमत मी कधी केली नाही. सासूबाईंचंही तसंच. गावात त्या वच्छलाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. शनिवारी नारळ फोडतील, पण अंगात आलं म्हणून घुमणाऱ्या बाईला आधी पाणी पाजून झोपायला सांगतील.

मी दवाखान्यात असताना चांदीची वगार गेली. म्हणजे मी घरी आले तेव्हा ही भुशाची घरात नवी होती. आम्ही दोघी साधारण एकाच आठवड्यात घरात आलो म्हणा ना. मी तिला पहिल्यांदा पाहून हसले होते. आत्यांची शिवण जाड, एक कान दुमडलेला, आणि मानेपाशी भुसा बाहेर डोकावणारा. आत्या येता-जाता तो अंगठ्यानं आत दाबायच्या.

एके दिवशी धार काढताना आत्या आमच्या ह्यांना म्हणाल्या, "बजरंग, जरा म्होरं सरकव तिला. तोंड दिसू दे."

ह्यांनी वगार उजेडात सरकवली.

मग जेवणाची वेळ झाली. माझी लेक संस्कृती ताट घेऊन समोर बसली, मी भिंतीला टेकून बसले. आत्या पुन्हा तेच म्हणाल्या, त्याच आवाजात, आणि ह्यांनी माझ्या पाठीला हात लावून मला बल्बच्या उजेडात पुढं घेतलं.

माणसाला एकेका बोलण्याची सवय असते. मी लक्ष दिलं नाही.

२

खरं तर मी दारात उभी राहिले तिथूनच सांगायला पाहिजे होतं.

दसरा तोंडावर आला होता. त्या वर्षीचा आजार सगळ्यांनी पाहिला आहे, त्याचं पुराण लावत नाही. बीडला दवाखान्यात मी आधी ऑक्सिजनवर होते, नंतर काही दिवस घशात नळी. घरच्यांना आत सोडत नव्हते. सुट्टी मिळाली तेव्हा अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. केसांचा गुंता झाला म्हणून तिथंच कापून टाकले होते. नळीनं आवाज बसला होता, मी बोलले की मलाच वाटायचं मागून कोणी तरी बोललं.

संस्कृती तेव्हा सात वर्षांची. शाळा बंद, म्हणून घरीच. मी गाडीतून उतरले तशी ती धावत आली, अर्ध्या वाटेत थांबली, माझ्याकडं नीट पाहिलं आणि मागं सरकली.

"ही मम्मी न्हाई," ती म्हणाली.

ओरडली नाही, रडली नाही. एखाद्याची किटली परत करताना मी जसं सांगायचे, बाबा, हे दूध नाही चालणार, तसं तिनं सांगितलं. मग जाऊन चांदीच्या गव्हाणीमागं बसली ती येईना.

मी गेल्यापासून पोर धड जेवत नव्हती हे मला तेव्हा कळलं. हाताची हाडं दिसत होती. ह्यांनी समजावलं, मग दटावलं. आत्यांनी तिला एका शब्दानं छेडलं नाही. त्या घरात गेल्या आणि माझी निळी साडी घेऊन आल्या. मी डेअरीवर नेसायचे ती, दुधाचे डाग पडलेली. इतके दिवस पोर ती कुशीत घेऊन झोपत होती, कुणाला धुवू देत नव्हती.

आत्यांनी माझ्या अंगावरची साडी सोडून ती मला नेसवली. निऱ्या स्वतःच्या हातानं घातल्या, पदर डोक्यावरून पुढं घेऊन कापलेले केस झाकले, आणि मला ओसरीवर उजेडाकडं तोंड करून बसवलं.

"काई बोलू नको," त्या म्हणाल्या. "हाक मारू नको. नुसती बस."

मी नुसती बसले. ऊन उतरायला लागलं तशी पोर गोठ्यातून बाहेर आली. लांब उभी राहिली, मग जवळ येऊन माझ्या पदराचं टोक नाकाला लावून बराच वेळ तशीच थांबली. शेवटी माझ्यासमोर मांडी घातली आणि आजीकडं भाकर मागितली. सबंध भाकर खाल्ली. हे भिंतीकडं तोंड करून रडले.

रडायला मलाही यायला पाहिजे होतं. मी एवढाच विचार करत होते की या साडीला कसला वास येत असेल, कारण मला तो येत नव्हता.

३

माझं नाक गेलं होतं, आणि दूध घेणाऱ्या बाईचं नाक गेलं म्हणजे बघा. पूर्वी झाकण उघडलं की मला कळायचं दूध आताचं की सकाळचं. म्हशीनं लसूणघास खाल्लाय की कडबा, तेही कळायचं, आणि मी ते सांगून लोकांची गंमत करायचे. आता शेण, फोडणी, उदबत्ती सगळं एकसारखं. एका सकाळी नासायला आलेलं दूध मी तसंच कॅनमध्ये ओतून घेतलं आणि सबंध कॅन फाटला. ह्यांनी तो शेताच्या कडेला रिकामा केला, धुऊन उपडा घातला, आणि मला म्हणाले की डेअरी मी बघतो, तू पोरीपुढं बसत जा.

डोकंही जाग्यावर नव्हतं. गॅसवर पातेलं ठेवून मी विसरायचे. शेजारच्या केसरबाईंचं नाव मला दोन दिवस आठवेना. दुपारी काही कारण नसताना छाती धडधडायची, हातापायांना मुंग्या यायच्या आणि वाटायचं, आता काही तरी होणार. होत काही नव्हतं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मला माझ्या लेकीबद्दल काहीच वाटत नव्हतं. ती मांडीवर डोकं ठेवायची आणि मी केसांतून हात फिरवायचे, कारण हात फिरवायचा असतो हे मला आठवत होतं. पोटात कालवतं, जीव तुटतो, असं आपण म्हणतो ना, ते पूर्वी मला व्हायचं, ती नुसती ठेचाळली तरी व्हायचं. आता आत हात घालून पाहावं तर तिथं काही लागत नव्हतं. त्याची मला भीती वाटायची, आणि भीतीसुद्धा लांबूनच वाटायची.

आमच्या गावची आशाताई अंजू, बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायला यायची. तिला मी अर्धंमुर्धं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, या आजारातून उठलेल्या लई जणांचं असं होतंय. पाटोद्याला तिची नणंद रात्र-रात्र जागी असते, एक चांगला धडधाकट माणूस बायकोला म्हणतो हे घर माझं नाही. आजाराचा दोष आहे, तुमचा नाही, आणि बीडला मनाचे डॉक्टर आहेत, लाजायचं नाही. मला हायसं वाटलं. कारण कळलं की माझं समाधान होतं, तो माझा स्वभाव आहे.

जाता जाता अंजू उंबऱ्यात वळून म्हणाली, "पोरगी जेवती ना आता, ताई? मग झालं. तुमी नुसतं समोर बसत जा."

४

थंडी सुरू झाली. सकाळचं कोवळं ऊन घ्या असं दवाखान्यात सांगितलं होतं, म्हणून आत्या रोज ओसरीच्या भिंतीशी पोतं अंथरून मला बसवायच्या. पोतं मोठं होतं. माझ्या शेजारी त्या वगारीला ठेवायच्या, कारण भुसा सर्द झाला की त्याला कीड लागते. सकाळभर आम्ही दोघी तिथं. समोर तूर उभी, रस्त्यानं जाणारा एखादा ट्रॅक्टर, बाकी सगळं गप्प.

मध्येच आत्या यायच्या. वगारीची कूस बदलायच्या आणि मला म्हणायच्या, आता पाठ कर उन्हाकडं.

माझे उरलेले केस गळत होते, कंगवा लावला की पुंजका. तापानंतर गळतात, पुन्हा येतात, असं अंजूनं सांगितलं होतं. चांदीनं चाटून चाटून वगारीचेही केस जागोजागी गेले होते. आत्या एकाच केरसुणीनं ओसरी झाडायच्या आणि एकाच सुपलीत भरायच्या. त्यात विशेष काही नाही, घरात केरसुणी एकच होती.

एकदा दुपारी पडले तर उशी कानाशी कुरकुरली. अभ्रा उघडून पाहिलं, आत कडुलिंबाचा पाला. वगारीच्या मानेतून आत्या पाला आत घालतात ते मी पाहिलं होतं. उशीत कशाला, असं मी त्यांना विचारलं.

"किडं होत न्हाईत," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, उशीत कुठले किडे?

"कशातबी," त्या म्हणाल्या आणि धुणं घेऊन विहिरीवर गेल्या.

कडुलिंब औषधी असतो. आजाऱ्याच्या उशाला लोक ठेवतात. मला हे ठाऊक होतं आणि मी ते स्वतःला सांगितलं. तरी दुसऱ्या सकाळी उन्हात बसल्यावर माझ्या तोंडून गेलंच, "आत्या, चांदीला खरंच कळत नसेल का हो?"

आत्यांनी वगारीकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"कावून इचारती?"

मी म्हटलं, सहज.

त्यांनी माझा पदर सारखा केला आणि हनुवटीला धरून तोंड उन्हाकडं वळवलं.

५

माझ्या उजव्या कानाच्या खाली, मानेवर, एक खूण आहे. सलाइनसाठी तिथून मोठी नळी घातली होती म्हणे आणि दोन टाके घातले होते. टाके काढले असं कागदावर लिहिलंय. पण बोट फिरवलं की तिथं गाठीसारखं काही लागतं, जाड दोऱ्याची असते तशी गाठ. आरशात नीट दिसत नाही, मान तेवढी वळत नाही. ह्यांना दाखवलं, त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि सांगितलं, काही नाही, कातडी आवळली आहे. ह्यांनी माझ्याशी खोटं बोलावं असं काही कारण नव्हतं. माझं बोट मात्र सारखं तिथं जायचं.

दवाखान्यातलं मला फार आठवत नाही. एक दुपार आठवते. पंखा फिरत होता. माझ्या खाटेपासून थोड्या अंतरावर प्लॅस्टिकचे कपडे घातलेली दोन माणसं एका पिशवीची चेन ओढत होती. चेन अडकली होती, म्हणून ती कंटाळल्यासारखी हळूहळू ओढत होती. पिशवीतून एक हात बाहेर आला होता आणि हातात हिरव्या बांगड्या होत्या, मध्ये एक लाखेची, तिचा टवका उडालेला. मी पडल्या पडल्या शांतपणे विचार केला, अरे, ही तर माझी बांगडी. किटली धुताना कॅनवर आपटून टवका उडाला होता. मग त्यांनी हात आत घेतला आणि चेन लागली.

घरी आले तेव्हा माझे हात मोकळे होते. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, सुई टोचायला बांगड्या कापतात, सगळ्यांच्याच कापतात. ते बरोबर आहे. तापात माणसाला काहीही दिसतं, औषधांनी तर अजूनच, तेही बरोबर आहे. आत्यांनी कासारणीला बोलावून मला नवा चुडा भरला. कासारीण हात दाबत म्हणाली, हाडं लई मऊ हायत बाईची, काई लागतच न्हाई हाताला. आत्या म्हणाल्या, आजारातून उठलीय.

त्या दिवसापासून मी एक हिशेब टाळायला लागले. लेकीनं मला दारात पाहिलं आणि ती म्हणाली, ही मम्मी नाही. तिनं मला हुंगलं नव्हतं तोवर ती तसं म्हणाली. साडी नेसवल्यावर तिनं साडी हुंगली. मी रोज दुधाची परीक्षा घेणारी बाई. कुणी माझ्यापुढं असली किटली ठेवली असती तर मी काय निकाल दिला असता ते मला चांगलं ठाऊक होतं.

मला फक्त तिची आई व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं.

६

संक्रांतीच्या आधी ह्यांनी मला बीडला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. मी तपकिरी साडी नेसले होते, निळी घडी करून घरीच ठेवली होती.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी घाई केली नाही. मी बांगडीचं सोडून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मोठ्या आजारातून उठल्यावर काही लोकांना असं होतं. आपण पोकळ आहोत, आपण आपण नाही, बाहेरून आपल्याला बघतोय असं वाटतं. माया आटल्यासारखी होते. ती आटत नाही, दबलेली असते. गोळ्या आहेत, वेळ लागेल, पण उतार पडतो. मग पुढं वाकून म्हणाल्या, "तुम्ही खऱ्या आहात, ताई. हे वाटणं तेवढं आजाराचं आहे."

किती दिवसांनी कुणी तरी माझ्या डोळ्यांत बघून बोललं होतं. मी विश्वास ठेवला. एसटीत खिडकीशी बसून मी संस्कृतीसाठी घेतलेल्या तिळगुळाची पुडी उघडून पाहिली, नाकाला लावली, वास आला नाही, पण वाईटही वाटलं नाही. येईल, म्हटलं.

आमचं काम लवकर उरकलं होतं. नेकनूरला उतरल्यावर हे पेंड घ्यायला थांबले आणि मी पुढं वस्तीवर चालत आले. दुपार होती. अंगणात कोणी नव्हतं, कोंबड्या सावलीला. आतून ताटाचा आवाज येत होता आणि संस्कृतीची बडबड, जेवताना ती करते तशी. दार अर्धं लोटलेलं होतं.

फटीतून मला माझी पाठ दिसली.

निळी साडी. पदर डोक्यावरून पुढं घेतलेला. भिंतीपासून थोडी पुढं, कवाडातून पडलेल्या उजेडात, मी बसते तशी, मी जिथं बसते तिथं. समोर संस्कृती भाकर चुरत होती आणि तिला काही तरी सांगत होती, केसरबाईंच्या कुत्रीला पिल्लं झाल्याचं. मध्ये थांबून उत्तर ऐकल्यासारखं करत होती आणि पुढचा घास घेत होती. आत्या शेजारी होत्या. त्यांनी हात लावून त्या पाठीला जरा पुढं सरकवलं.

ओरडावं असं वाटलं नाही. मला एवढंच वाटलं की आत गेलं तर तिचं जेवण मोडेल.

आत्यांनी मान वर केली आणि मला पाहिलं. दचकल्या नाहीत. उठून त्यांनी निळी साडी उलगडली; आत दोन वाकळी, जुन्या गोधड्या होत्या, सुतळीनं बांधलेल्या, आणि वर माझी उशी. सुतळी सोडत त्या म्हणाल्या, "सकाळधरनं जेवंना. काय करू?"

काहीच चुकीचं नव्हतं. पोर उपाशी होती, म्हातारीनं युक्ती केली. मीसुद्धा हसून घेतलं असतं. पण वाकळी उचलल्यावर आत्यांनी ती जागा हातानं झटकली आणि मला म्हणाल्या, "बस."

मी बसले. संस्कृतीनं गोष्ट जिथं होती तिथूनच पुढं सांगायला घेतली. समोर काय बदललं हे पाहायला तिनं मानही वर केली नाही.

७

त्यानंतर मी ठरवलं की माहेरी जायचं. गोळ्या घेत होते, झोप लागायला लागली होती, विचार सरळ चालत होता, आणि सरळ विचार हाच होता: जिथं दोन वाकळी पुरतात तिथं माझी गरज नाही. चकलांब्याला भावाला निरोप धाडला. ह्यांना सांगितलं, चार दिवस हवापालट. ते हो म्हणाले, पण चेहरा पडला त्यांचा. परत यायचं का नाही ते मी ठरवलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. ठरवलं होतं.

निघायच्या सकाळी पिशवी दारात ठेवली. हे डेअरीत होते, आत्या विहिरीवर. निळी साडी मी नेसले नाही, ती उशाशी ठेवली पोरीच्या. ती उठून अंगणात आली, तिनं पिशवी पाहिली आणि माझ्याकडं पाहिलं. जायच्या आधी एकदा तिच्या तोंडून ऐकावं असं मला वाटलं. खाली बसून मी विचारलं, "संस्कृती, मी कोण गं?"

तिनं माझं बोट धरून मला गोठ्यात नेलं. चांदी रवंथ करत होती. वगार गव्हाणीपाशी आडवी होती, पाठीचे केस गेलेली, कान दुमडलेला.

"चांदीला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"ही तिची वगार न्हाई त्ये. भुसा हाय निसता. आजी शिवत व्हती तवा ती बगत व्हती की."

तिचा आवाज अगदी साधा होता. मी विचारलं, "मग चाटती कावून?"

"न्हाई चाटलं तर दुखतंय तिला. दूध दाटून लई दुखतंय." तिनं चांदीच्या पोटावरून हात फिरवला. मग वगारीकडं पाहून म्हणाली, "आन ही तरी कुठं जाईल, मम्मी?"

मी तिथंच गव्हाणीला टेकून खाली बसले. छातीत दुखायला लागलं, पण ते धडधडणं नव्हतं, दुसरंच होतं. ती बाळ असताना लांब गेले की जसं भरून यायचं आणि ठणकायचं, तसं. मी तिला ओढून घेतली. पोटात कालवलं, जीव तुटला, सगळं एकदम झालं आणि मी रडले, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. माझी पोर माझ्या मिठीत होती आणि मला ते कळत होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं. दबलेलं वर आलं होतं.

आणि वास आला. आधी तिच्या केसांचा, खोबरेल तेलाचा. मग शेणाचा, पेंडीचा, चांदीच्या अंगाचा. मी हावऱ्यासारखी एकेक वास घेत गेले. मग अजून एक आला, कोरडा, मिठात वाळलेल्या कातड्याचा, जुन्या गव्हाच्या भुशाचा आणि कडुलिंबाचा. वगार लांब होती. मी पोरीच्या केसांतून तोंड बाजूला केलं तरी तो गेला नाही. श्वास सोडला की जास्त यायचा.

संस्कृती मिठीतून थोडी मागं झाली. तिनं माझी हनुवटी धरून मान वळवली आणि कानाखाली पाहिलं. मग अंगठा ठेवून हळूच काही तरी आत दाबलं, दोन-तीनदा, नीट बसेपर्यंत.

"बाहेर आलता," ती म्हणाली.

गोठ्यात बसलं की मानेला भुसा चिकटतोच. उशीत पाला आहे, त्याचा वास केसांना लागतो. कारणं मला लगेच सुचली आणि मी ती मान्य केली. मान मात्र हलवली नाही.

पिशवी दारातच राहिली. संस्कृतीनं मला हाताला धरून ओसरीवर आणलं, निळी साडी आणून माझ्या डोक्यावरून घातली, घरातून आपलं ताट आणलं आणि समोर मांडी घातली. तिला भूक लागली होती. ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं, पण माझ्यापर्यंत पोहोचत नव्हतं.

मी जरा पुढं सरकले, तिला तोंड दिसावं म्हणून.